खापरपणजोबांचा माग : रामकुंडावरील नामावळी ते तलाठी दप्तर

नाशिक - रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी आलेल्या कुटुंबाला प्रथम नाव विचारले जात नाही. गाव विचारले जाते. ‘गाव कोणतं? आडनाव काय?’ या दोन उत्तरांवरून त्या गावाचे तीर्थपुरोहित कोण हे ठरते आणि थोड्याच वेळात कापडात गुंडाळलेली लांबट, जाडजूड वही उघडली जाते. कित्येक वर्षांपूर्वी याच काठावर येऊन गेलेल्या आजोबांची सही तीत सापडते. त्याच्या वर त्यांच्या वडिलांचे नाव, आणि नशीब जोरावर असेल तर मोडीत लिहिलेले आणखी एक नाव, जे घरात कोणी कधी ऐकलेले नसते.

शेतकरी कुटुंबातील बहुतेकांना पणजोबांपर्यंतची नावे सांगता येतात. खापरपणजोबा विचारले की ओसरी शांत होते. राजे, सरदार, इनामदार यांची कागदपत्रे जपली गेली. कारण त्यांचे हक्क त्या कागदांवर उभे होते. नांगर धरणाऱ्याने रोजनिशी लिहिली नाही, पत्रे लिहिली नाहीत. त्याची नोंद ठेवली ती त्याच्याकडून काही घेणाऱ्यांनी. सरकारने साऱ्यासाठी, सावकाराने व्याजासाठी, पुरोहिताने यजमान म्हणून. त्यामुळे त्याचे आयुष्य एका जागी मिळत नाही. एकमेकांची ओळखही नसलेल्या दप्तरांत ते विखुरलेले असते.

इंग्लंडमधील शेतकऱ्याच्या वंशजाला हे काम तुलनेने सोपे जाते. तेथे १५३८ पासून प्रत्येक पॅरिशच्या चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी असा दंडक होता. महाराष्ट्रात अशी पुस्तके ख्रिस्ती समाजापुरतीच आढळतात. खुद्द नाशिकच्या शरणपूर वस्तीची मुळे अशाच एका मिशनमध्ये, १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने सुरू केलेल्या कामात आहेत. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांनाही तेथे शिक्षण मिळाले, डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. मात्र निफाड, दिंडोरी किंवा सिन्नरच्या कुणब्याला अशा एका पुस्तकाचा आधार नाही. त्याचा माग काढायचा तर शेतापासून सुरुवात करावी लागते.

शेतापासून याचे कारण असे की माणसाचे नाव फसवे असते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रिवाजामुळे एकाच घरात तीन पिढ्यांत दोन सखाराम भेटतात. जुन्या नोंदींत आडनावही पुष्कळदा नसते. ‘अमुक बिन तमुक’ एवढ्यावर भागते. शेत मात्र जागेवरून हलत नाही.

आजच्या सातबारावर फेरफारांचे क्रमांक असतात. त्यांतील प्रत्येक क्रमांक म्हणजे गाव नमुना सहामधील एक नोंद, आणि प्रत्येक नोंद म्हणजे घरातील एक घटना : वारस लागणे, भावाभावांतील वाटणी, खरेदी, गहाण, बोजा. एकेक फेरफार मागे जात राहिले की विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत पोचता येते. कारण हक्कनोंदीची ही पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली. वाटेत एक अडथळा हमखास येतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानुसार अनेक गावांत योजना राबवली गेली आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कोणत्या गटात कोणता जुना नंबर गेला, हे दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून काढल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही. घाईने शोध घेणारे बहुधा येथेच दुसऱ्याच्या शेतात शिरतात!

फेरफाराची भाषा कोरडी असते, पण तिच्या लघुरूपांत घरे दडलेली आहेत. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. उताऱ्यावर एकाच भावाचे नाव असले तरी जमीन सर्वांची होती, हे ही तीन अक्षरे सांगतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. समजा, १९१९ च्या एका वारसनोंदीत दोन लहान मुलांची नावे असून पुढे ‘अ.पा.क. आई’ असे लिहिले आहे. खापरपणजोबा मुले लहान असतानाच गेले, हे त्यावरून कळते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतरचे ते वर्ष असल्यामुळे संशय कुठे जातो, हेही सांगायला नको. शिवाय खापरपणजीचे नाव कदाचित याच एका ओळीत सापडेल. जमिनीच्या जुन्या दप्तरात बाईचे नाव बहुधा नवऱ्याच्या मृत्यूनंतरच येते.

तो संशय खरा की खोटा, हे पाहण्यासाठी दुसरे दप्तर उघडावे लागते. गाव नमुना चौदा म्हणजे जन्म-मृत्यूची गावनोंदवही. लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘कोतवाल बुक’. तारीख, नाव, बापाचे नाव, जात, मृत्यूचे कारण असे रकाने तीत आढळतात. कारणाच्या रकान्यावर फार विसंबू नये. वैद्यकीय तपासणी न होता गावपातळीवर लिहिली गेलेली ही कारणे आहेत आणि ‘ताप’ या एका शब्दात हिवतापापासून इन्फ्लुएन्झापर्यंत बरेच काही सामावले आहे. पण एकाच महिन्यात एकाच वस्तीतील मृत्यूंची रांग लागलेली दिसली, की साथीचे नाव लिहिलेले नसले तरी ती ओळखू येते.

सर्व्हे नंबरांच्याही मागे जायचे तर एकोणिसाव्या शतकातील मोजणी गाठावी लागते. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापुरात सुरू केलेली जमाबंदीची पद्धत पुढे दख्खनभर पसरली. तेहतीस फुटांची साखळी घेऊन शेते मोजली गेली. त्या साखळीचा चौरस म्हणजेच आजचा गुंठा. या मोजणीतून तयार झालेल्या शेतवार पत्रकांत व आकारबंदांत क्षेत्र, आकार आणि खातेदार यांची माहिती मिळते. नाशिक जिल्हा स्वतंत्र झाला तो १८६९ मध्ये. त्यापूर्वी त्याचा भाग नगर आणि खानदेशात मोडत असल्याने जुना कागद नाशिकच्या नावाने शोधून मिळेलच असे नाही.

त्याअलीकडे पेशवाई आणि मोडीचे राज्य. थळझाडा, कूळझाडा, मिरासपत्रे अशा कागदांत शेतकरी दोन प्रकारचा दिसतो. वंशपरंपरेने जमीन कसणारा, ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क असलेला मिरासदार, आणि कराराने जमीन कसून वेळ पडल्यास गाव सोडणारा उपरी. पूर्वज मिरासदार निघाला तर माग लागण्याची आशा जास्त. उपरी असेल तर तो बहुधा हातून निसटतो. या कागदांवर सन अरबी संख्यानामांत असतो : इसन्ने, सलास, आर्बा, खमस. शके असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन साधारण जुळतो. लिहिता न येणाऱ्यांच्या सहीच्या जागी निशाणी असे. कुलकर्ण्याची लेखणी, बाईची बांगडी, पाटलाचा नांगर. शाईने काढलेला तो छोटासा नांगर पाहताना वाचणाऱ्याचे बोट क्षणभर थांबतेच.

जमिनीचे दप्तर नाती सांगत नाही. ते काम नामावळी करते. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील पुरोहित घराण्यांत गाव, आडनाव, जात यांनुसार यजमान वाटलेले आहेत. यात्रेला, श्राद्धाला वा सिंहस्थात आलेला माणूस स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे, मुलांचे नाव लिहून खाली सही करी. चुलत घराणी कोणत्या गावी गेली, हे पुष्कळदा इथेच उलगडते. पण नामावळीत यजमान सांगेल तेच लिहिले जाते. हयात नसलेला भाऊ गाळला जाई, दत्तक मुलगा पोटचा म्हणून लागे. म्हणून तिची आणि फेरफाराची गाठ घालून पाहणे आवश्यक ठरते. दोन्हींत वडील एकच निघाले तर धागा पक्का. एकात चार भाऊ आणि दुसऱ्यात तीन असतील, तर चौथ्याचे काय झाले, हा खरा शोध. माहेरकडची बाजू हवी असेल तर वही बदलते; आजीच्या माहेरच्या गावाचे पुरोहित वेगळे असतात.

हा सारा खटाटोप पूर्वी हौशी मंडळींचा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी तहसील कार्यालयांतील, शाळांतील, कारागृहांतीलही जुनी दप्तरे उघडली गेली. कोतवाल बुकातील जातीचा रकाना अचानक मुलाच्या प्रवेशाशी आणि नोकरीशी जोडला गेला. परंतु नोंद सापडणे आणि ती आपल्याच पूर्वजाची असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गावात त्याच नावाची दोन माणसे असतील तर जात पडताळणी समितीपुढे वंशावळ जोडून दाखवावी लागते, आणि त्या जोडकामात फेरफारच कामी येतात. गॅझेटिअरचा आधार घेऊ पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये जातींचे आकडे आहेत, शेतकऱ्यांची नामवार यादी नाही.

सरकारी दप्तरातील बरेच जुने सातबारे व फेरफार आता स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतात. नामावळ्यांचे तसे नाही. त्या पुरोहितांची घरगुती मालमत्ता आहेत, त्यांची एकत्रित सूची नाही, आणि गोदाकाठच्या वाड्यांत पाणी शिरणे नाशिककरांना नवे नाही. २००८ आणि २०१६ च्या पुरांत दुतोंड्या मारुतीपर्यंत चढलेले पाणी अनेकांनी पाहिले आहे. काही घराण्यांनी संगणकावर नावे चढवण्यास सुरुवात केली असली, तरी मोडीतील पाने वाचणारे हात थोडेच आहेत.

शोधाला निघताना जवळ ठेवावे असे फार काही नाही : गावाचे जुने नाव, शेताला घरात म्हणतात ते नाव, कुलदैवत, आणि घरातील सर्वांत वयस्क बाईला आठवणारी नावे. यांतले शेवटचे आधी लिहून घ्यावे. नामावळीतील नोंद वाचून झाली की पुरोहित वही यजमानापुढे सरकवतात. तेथे आपली, भावंडांची, मुलांची आणि मुलींचीही नावे सुवाच्य अक्षरांत, तारखेसह लिहावी लागतात.