जन्मजात रोगानें पछाडलेल्या वासराचीं अखेरचीं लक्षणें

लासूर स्टेशनच्या पंचक्रोशींतील जे शेतकरी बंधु होलस्टीन रक्ताच्या संकरित गाई पाळतात, त्यांनीं 'ब्लॅड' नांवाच्या आनुवंशिक रोगाची ओळख करून घेणें अवश्य आहे. अमेरिकेंत १९५२ सालीं जन्मलेल्या ऑस्बॉर्नडेल आयव्हनहो या वळूच्या वंशाचें रेत देशोदेशीं गेलें व त्याबरोबर हा दोषही पसरला. १९९२ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याचें नेमकें मूळ शोधून काढिलें.

रक्तांतील पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई होत. जंतु जेथें शिरले असतील तेथें जाण्यासाठीं त्यांस रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटून बाहेर पडावें लागतें. या रोगांत तें साधत नाहीं. त्यामुळें रक्तांत पेशी अतोनात वाढतात, परंतु जखमेपर्यंत फारच थोड्या पोंचतात. वासरूं खुरटतें, तोंडांत व्रण होतात, हिरड्या सुजतात, हगवण व फुप्फुसाचा दाह वरचेवर उलटतो. औषधानें तात्पुरता उतार पडतो. रोग हटत नाहीं. बहुतेक वासरें वर्षाच्या आंतच दगावतात.

अखेर जवळ आल्याचीं लक्षणें अशीं: तोंडांत बोट घातलें असतां वासरूं चोखीत नाहीं, कान, पाय व तोंडाची आंतील बाजू गार लागते, गुदद्वारांतील उष्णमान १०० अंश फॅरनहाइटच्या खालीं उतरतें, डोळे खोल जातात, वासरूं एका कुशीवर आडवें पडतें, आधार देऊनही मान सांवरीत नाहीं. दांत खाणें व कण्हणें हीं वेदनेचीं चिन्हें होत.

तथापि एवढ्यावरून आशा सोडूं नये. साध्या हगवणींत अंगांतील पाणी आटलें तरी बहुतेक हींच लक्षणें दिसतात, व असें वासरूं शिरेंतून सलाईन दिल्यावर पुष्कळदां उठून उभें राहतें. म्हणून प्रथम पशुवैद्यकास बोलवावें. १९६२ या क्रमांकावर फिरतें पथकही मागवितां येतें. रोगाचें निदान रक्ताच्या तपासणीनें झालें असून योग्य उपचारानंतरही वासरूं उठत व चोखीत नसेल, तर अधिक सुया टोंचणें म्हणजे केवळ यातना लांबविणें होय.

अशा वेळीं वासरास कोरड्या, उबदार जागीं ठेवावें, कूस बदलीत जावी, आणि बळेंच दूध पाजूं नये. तें फुप्फुसांत जाऊन गुदमरणें संभवतें. असह्य यातनांतून सोडविण्याचा निर्णय मालकानें स्वतः घेऊं नये. प्राण्यांच्या क्लेशप्रतिबंधाच्या १९६० च्या कायद्यांत त्याविषयीं तरतूद आहे व गोवंशासंबंधीं राज्याचा कायदाही कडक आहे. म्हणून सरकारी पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेंच वागावें.

वासरूं गेलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. रोगी वासराचे आईबाप दोघेही दोषवाहक असतात, जरी ते धडधाकट व भरपूर दुधाचे दिसले तरी. दोन वाहकांच्या संकरांत दर वेतास रोगी वासरूं होण्याचा संभव चारांत एक असतो. यास्तव त्या गाईची नोंद ठेवावी, व तिला दोषमुक्त म्हणून तपासलेल्या वळूचेंच रेत भरावें. रेतकेंद्रांतील होलस्टीन व संकरित वळूंची ही तपासणी होते. गांवांतील मोकळ्या संकरित वळूची होत नाहीं. रेतनळीवरील वळूचा क्रमांक वहींत टिपून ठेवण्यास क्षणभर वेळ लागतो. त्यानें पुढील वासराचे हाल टळूं शकतात.