दिवेलागणीचा भोंगा

“मुलगा दिवसभर मोबाईलमध्ये डोके खुपसून बसतो, काय करावे?” हा प्रश्न हल्ली मला लग्नघरात, लोकलच्या डब्यात, फार काय दवाखान्यातल्या बाकावरही ऐकू येतो. विचारणाऱ्या आईचा जीव खरोखरच तुटत असतो. पण “त्याच्याशी घरात बोलायला कोण आहे?” असे मी उलट विचारले, की ती बहुधा गप्प होते.

माझ्या परिचयातला एक मुलगा दहावीत आहे. रात्री एक-एक वाजेपर्यंत तो मोबाईलवर खेळत असे. वडिलांनी एके दिवशी संतापून घरातले वाय-फायच बंद केले. मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. पुढे मी त्याला सहज छेडले, तेव्हा तो म्हणाला, “काकू, तिथे मी एक दिवस गेलो नाही, तर चौघेजण विचारतात, कुठे होतास म्हणून!”

आईबाप दोघेही आठ वाजता दमून घरी येतात, भावंड नाही, मित्र भेटतात ते क्लासच्या जिन्यात. त्यातून २०२० साली शाळा बंद झाल्या आणि शिक्षणासाठी म्हणून आपणच मुलांच्या हाती मोबाईल दिला. शाळा उघडल्या, पण मोबाईल काही हातातून सुटला नाही. एकटेपणामुळे मूल पडद्याकडे वळते आणि पडद्यामुळे आणखी एकटे पडते, असे हे रहाटगाडगे आहे.

म्हणून मुलाला सरसकट ‘व्यसनी’ ठरवू नये. खेळाचा विकार म्हणजे काय, हे जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या यादीत सांगितले आहे. खेळ आवरता न येणे, त्यापुढे बाकी सारे मागे पडणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे साधारणपणे वर्षभर चालणे, ही त्याची लक्षणे. तसे असेल, तर रागावून उपयोग नाही, मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने तर २०१४ साली अशांसाठी स्वतंत्र उपचार केंद्रच सुरू केले. पण बहुतेक घरांत गोष्ट इतक्या थराला गेलेली नसते. तिथे औषध घरातच आहे.

ते कसे, हे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने दाखवून दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या बायकांनी सभेत ठरवले आणि गावाने रीत पाडली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा, आणि साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद! त्या दीड तासात अभ्यास, वाचन आणि माणसामाणसांतले बोलणे. आरंभी लोक हसले. मग अंगणवाडीच्या ताई, शिक्षक, ग्रामपंचायतीची माणसे दारोदार फिरली.

यातली मेख लक्षात घ्या. भोंगा एकट्या पोरांसाठी नव्हता. आईची मालिका आणि बाबांचा मोबाईलही त्याच क्षणी बंद होत होता. ‘तू ठेव, मला ऑफिसचे काम आहे’ ही सबब तिथे चालणार नव्हती. शिवाय मोबाईल बाजूला ठेवल्यावर समोर मोकळे माणूस होते.

आपल्या इमारतीवर भोंगा कोण वाजवणार? पण रोज अर्धा तास सर्वांचे मोबाईल एका टोपलीत ठेवून एकत्र जेवणे कोणत्याही घराला जमेल. त्या वेळी मार्कांचा विषय मात्र काढू नका. त्याचा खेळ कसा असतो, सोबती कोण, हे त्यालाच विचारा आणि टीका न करता ऐका. पहिले आठ दिवस मूल घुम्यासारखे बसेल. बसू द्या. ‘कुठे होतास?’ असे आपुलकीने विचारणारे कोणीतरी घरातही आहे, हे त्याला पटायला तेवढा वेळ लागणारच.