शिवराई चिंचेने घासू नका

पनवेलच्या एका शाळेत आम्ही मुलांना घरातली जुनी नाणी आणायला सांगितले. एकाने देवघरातली शिवराई आणली. चिंच-मिठाने घासून ती लखलखीत केलेली होती. अक्षरे मात्र जवळजवळ पुसली होती. चूक आमचीच. नाणी आणा म्हटले, पण घासू नका हे सांगायला विसरलो.

शिवराई हे शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, सुरू केलेले तांब्याचे नाणे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पेशवाईतही हाच मजकूर चालू राहिला. ती हाताने पाडत. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. चकती पुष्कळदा ठशाहून लहान असे, शिवाय थोडी सरके. म्हणून 'राजा'मधला 'जा' अर्धाच उमटलेला दिसतो. हा दोष नव्हे, हातकामाची खूण आहे. दोन नाण्यांवर अक्षरे हुबेहूब जुळली आणि तोच बारीक चराही दिसला, तर ती बहुधा एकाच ठशाची.

रशियातही त्या काळी नाणी अशीच पाडत, पण तारेच्या तुकड्यांपासून. म्हणून ती लांबट असतात. तिथे झार अलेक्सेईने तांब्याचे कोपेक चांदीच्या कोपेकच्या भावाने चालवले. महागाई भडकली, १६६२ मध्ये मॉस्कोत दंगल झाली आणि पुढच्याच वर्षी ते बंद करावे लागले.

आता चिंचेकडे वळू. हवेतील ऑक्सिजनमुळे तांब्यावर तपकिरी ऑक्साइड चढते. दमट हवेत त्यावर हिरवट कार्बोनेटही तयार होते. हे थर नाण्यातल्याच तांब्याचे बनलेले असतात. चिंचेतील टार्टारिक आम्ल ते विरघळवते आणि तांबे उघडे पडते. त्यावर पुन्हा थर चढतो, पुन्हा घासणे होते. दर वेळी अक्षरांची उंची थोडी कमी होते.

मग नाण्याचे करायचे काय? मऊ ब्रशने धूळ झटका. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या. वजन करा. नऊ-नऊ ग्रॅमची दहा नाणी मोजपात्रातील पाण्यात सोडली, तर पाणी सुमारे दहा मिलिलिटर चढेल. (तांब्याची घनता सुमारे ८.९ आहे.) नाणी लगेच कोरडी करा. नाणे कुठे, कोणाकडे मिळाले तेही वहीत लिहा. जमिनीत पुरलेला ठेवा सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

घासलेली शिवराई चकाकते खरी, पण ती पुन्हा वाचता येत नाही.