भिंतीवरची फुले

आमच्या घराच्या भिंती मातीच्या आहेत. दिवाळीले माय त्या पांढऱ्या मातीनं पोतारते अन् मी गेरूनं वेल काढते.

इंग्लंडात राणी व्हिक्टोरियाचे राज्य १८३७ ते १९०१ पर्यंत होते. तेव्हा तिथले श्रीमंत लोक भिंतींना फुलापानांचा छापील कागद खळीने चिकटवत. पडदेही नक्षीचे असत. लाकडी ठशाला रंग लावून ही नक्षी छापत. विल्यम मॉरिस हे मोठे नक्षीकार होते. त्यांच्या बागेतले पक्षी स्ट्रॉबेरी चोरून खात. १८८३ साली त्यांनी त्या चोरांचीच नक्षी कापडावर छापली!

अमेरिकेत १८६१ ते १८६५ लढाई झाली. तिथला कापूस अडला, म्हणून आपल्या वऱ्हाडचा कापूस इंग्लंडात जास्त जाऊ लागला. १८७० साली कापसासाठी खामगावला रेल्वे आली. म्हणजे तिथल्या एखाद्या पडद्यात आपल्या पऱ्हाटीचा धागाही असेल.

पण काही कागदांच्या हिरव्या रंगात सोमल हे विष असे. त्याने माणसे आजारी पडत.

मी मायले असाच कागद मागितला होता. माय म्हणाली, "पैसे कुठून आणू?" मी रुसले होते. आता मागत नाही. आमच्या वावरात पोपट ज्वारीची कणसं चोरतात. यंदा भिंतीवर तेच काढीन. पाहायला या.