बुलिमिया : एक लपलेला आजार

एखादा माणूस वाजवीपेक्षा फार खाऊ लागला की त्याला ‘भस्म्या झाला’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आयुर्वेदात वर्णिलेल्या भस्मक रोगात जठराग्नी अतिशय प्रदीप्त होतो आणि खाल्लेले अन्न पाहता पाहता नाहीसे करतो, अशी त्यामागील कल्पना होय. बुलिमिया हे नावही वरवर पाहता याच जातीचे वाटते. बैल आणि भूक या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे. परंतु या आजाराचे मूळ जठरात नसून मनात आहे, आणि त्याची खरी ओळख खाण्यात नसून खाल्ल्यानंतर जे घडते त्यात आहे.

या आजारातील क्रम बहुधा ठरलेला असतो. शरीर जाड होईल या धास्तीने रुग्ण दिवसभर अन्न तोडतो. उपाशी देह आणि शिणलेले मन यांचा तोल सुटला की थोड्या वेळात, बहुधा एकांतात, तो फार मोठ्या प्रमाणावर खातो. त्या वेळी हात आवरत नाही. मग पश्चात्ताप आणि भीती दाटून येते, आणि खाल्लेले बाहेर टाकण्यासाठी मुद्दाम उलटी काढणे, जुलाबाची औषधे घेणे, कडकडीत लंघन करणे किंवा बेसुमार व्यायाम करणे सुरू होते. लंघनाने भूक वाढते आणि चक्र पुन्हा फिरू लागते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली ठरविलेल्या निकषांप्रमाणे हा प्रकार आठवड्यातून सरासरी एकदा तरी आणि निदान तीन महिने चालला, व देहाचा आकार आणि वजन यांवरच स्वतःची किंमत ठरविण्याची वृत्ती दिसली, तर तो बुलिमिया समजावा.

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील मानसरोगतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली ३० रुग्णांच्या निरीक्षणावर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला आणि या विकाराला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले. पुढे १९९५ साली ब्रिटनच्या राजघराण्यातील डायना यांनी बीबीसीच्या मुलाखतीत आपण या आजाराने अनेक वर्षे ग्रासलो होतो असे उघडपणे सांगितले. सारे जग ज्यांच्याकडे पाहत होते, त्यांचाही आजार इतकी वर्षे झाकून राहिला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तो झाकून राहतो याचे मुख्य कारण असे की बुलिमियाच्या रुग्णाचे वजन बहुधा चारचौघांसारखेच असते. हाडे दिसू लागली तर आई धास्तावते. वजन नेहमीचेच असले तर कोण कशाला शंका घेईल? शिवाय आपल्या घरांत उपवासाचा आडोसा आयता मिळतो. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे दिवस जोडत गेलेल्या मुलीचे कौतुकच होते. अर्थात प्रत्येक उपवासात रोग पाहणेही चुकीचे ठरेल. मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातील शाळकरी मुलींचा अभ्यास करून १९८९ साली हेच दाखविले की पाश्चात्त्य प्रश्नावलीतील उपासाविषयीच्या प्रश्नांना या मुलींनी दिलेली उत्तरे धार्मिक रूढीमुळे निराळ्या अर्थाची होती. व्रताचा उपवास ठरल्या दिवशी सुटतो आणि पारणे आनंदाने होते. आजाराचा उपवास भीतीने धरला जातो आणि त्याचे पारणे लाजेने, दाराआड होते.

मग ओळखावे कसे? जेवण होताच दर वेळी मोरीत किंवा संडासात जाणे आणि नळ सोडून ठेवणे, डब्यातले पदार्थ नकळत संपणे, सर्वांबरोबर जेवायला टाळाटाळ करणे, जुलाबाच्या गोळ्यांची वेष्टने सापडणे, या वागण्यातील खुणा होत. देहावरील खुणा त्याहून बोलक्या असतात. कानाच्या खालच्या लाळग्रंथी सुजून गाल फुगीर दिसतात. पोटातील आम्लाने वरच्या पुढच्या दातांचे आवरण आतील बाजूने झिजते, दात शिवशिवतात. म्हणून पुष्कळदा हा आजार प्रथम दंतवैद्याच्या ध्यानात येतो. उलटीसाठी घशात बोटे घालताना दातांवर घासून हाताच्या पाठीकडील पेरांवर घट्टे पडतात. या खुणेला रसेल यांचेच नाव मिळाले आहे.

या खुणा फसव्या कशा ठरू शकतात हे औद्योगिक वसाहतींत विशेष जाणवते. जयपूरचे विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र घ्या किंवा आपले पिंपरी-चिंचवड घ्या. पाळीच्या कामात जेवणाच्या वेळा सांभाळणे अवघड. त्यामुळे जेवण टाळणे कोणाला खटकत नाही. राजस्थानच्या उन्हाळ्यात भोवळ आली तर दोष उन्हाला दिला जातो, आणि हातावरचे घट्टे तर श्रमाचेच मानले जातात. पण हत्याराने पडणारा घट्टा सहसा तळव्यावर असतो, पेरांच्या पाठीवर नव्हे. कारखान्याच्या किंवा कामगार विमा योजनेच्या दवाखान्यातील डॉक्टरने एवढा भेद लक्षात ठेवला तरी एखादा रुग्ण वेळीच सापडेल. हा केवळ श्रीमंत घरच्या मुलींचा आजार आहे, ही समजूत खरी नाही. तो स्त्रियांत अधिक आढळतो, परंतु पुरुषांनाही होतो, आणि लाजेपोटी ते त्याविषयी अधिकच गप्प राहतात.

परिणामांपैकी सर्वांत घातक परिणाम डोळ्यांना दिसत नाही. वारंवार उलट्या आणि जुलाब झाल्याने शरीरातील पाणी व क्षार घटतात आणि रक्तातील पोटॅशियम खाली येते. त्याने स्नायू दुबळे होतात, पेटके येतात, छातीत धडधडते आणि हृदयाची लय बिघडून अकस्मात मृत्यूही ओढवू शकतो. अन्ननलिकेला चीर पडून उलटीतून रक्त येऊ शकते. मासिक पाळी अनियमित होते, बद्धकोष्ठ जडते. आणि एवढे सोसून साधते काय? रेचक मोठ्या आतड्यावर काम करते. अन्नाचा सत्त्वांश त्याआधीच लहान आतड्यात शोषला गेलेला असतो. काट्यावर घटते ते केवळ पाणी. भोवळ, छातीतील धडधड किंवा उलटीतील रक्त दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

हा आजार बरा होऊ शकतो. ऑक्सफर्डच्या ख्रिस्टोफर फेअरबर्न यांनी १९८१ साली मांडलेली बोधनाधिष्ठित उपचारपद्धती त्यासाठी विशेष उपयोगी ठरली आहे. दिवसातून तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे, असा नियम घालून उपासाचे चक्र तोडणे हा तिचा पाया. सुमारे वीस बैठकींत तिचा क्रम पूर्ण होतो. जरूर पडल्यास मानसरोगतज्ज्ञ फ्लुऑक्सेटीनसारखे औषधही देतात. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, पाण्याने चूळ भरावी, हे लहानसे पथ्यही दात वाचविते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा उपचाराचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे.

घरच्यांचे काम मात्र कायद्याने होत नाही. ‘खादाड’ किंवा ‘आता किती सुटलीस’ हे थट्टेचे शब्दही अशा मनाला खोल लागतात. पाळत ठेवणे, कुलपे लावणे, शपथा घालणे यांनी आजार अधिक आड लपतो. पानावर बसल्या वेळी नव्हे, तर इतर निवांत वेळी, वजनाचा उल्लेख न करता, ‘तुला त्रास होतो आहे असे दिसते, आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ’ एवढेच म्हणावे. ज्या आजाराचे बळ लपण्यात आहे, त्याच्यावरील उपचाराचा प्रारंभ अशा एका वाक्याने होऊ शकतो.