सोळा अंडी आणि एक पांढरा साप

मेंडेलचे ३:१ हे गुणोत्तर मुलांना पाठ असते. परीक्षेत चौकटींचा तक्ताही ती बिनचूक काढतात. पण तोच आकडा प्रत्यक्षात वापरायची वेळ आली की घोटाळा होतो, आणि तो फक्त मुलांचाच होतो असेही नाही. वाटाण्याच्या उदाहरणात हा घोटाळा दिसत नाही, कारण मेंडेलपुढे दाण्यांचा ढीग होता. दाण्यांच्या आकाराच्या प्रयोगात त्याने ७३२४ दाणे मोजले. त्यांतले ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ ३:१. पण ज्याच्यापुढे अवघी बारा अंडी आहेत, त्याने काय अपेक्षा धरावी?

असा प्रश्न अमेरिकेत साप पाळणाऱ्यांना दर हंगामात पडतो. तिथला कॉर्न स्नेक हा आपल्या धामणीसारखा उंदीर खाणारा, बिनविषारी साप. अमेरिकेच्या आग्नेय भागात तो सर्रास आढळतो. अंग नारिंगी-तपकिरी, त्यावर काळ्या कडांचे लाल पट्टे, आणि पोटावर मक्याच्या कणसासारखी चौकट. १९५३ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात या जातीचा एक अल्बिनो नर सापडला. बर्नार्ड आणि एलिझाबेथ बेक्टेल यांनी पैदास करून दाखवले की हा गुण अप्रभावी आहे; त्यांचा लेख १९६२ साली प्रसिद्ध झाला.

अल्बिनो म्हणजे पांढराफटक, अशी आपली समजूत असते. सस्तन प्राण्यांत ती बरीचशी खरी, कारण त्यांच्या केसांचा आणि कातडीचा रंग मुख्यतः मेलॅनिनवर अवलंबून असतो. सापाच्या कातडीत मात्र लाल-पिवळ्या रंगद्रव्यांच्या पेशी वेगळ्या असतात. म्हणून अल्बिनो कॉर्न स्नेकमधला काळा रंग तेवढा जातो. लाल-नारिंगी उरतो आणि डोळे लाल दिसतात. यातले बिघडलेले जनुक जिनिव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये शोधून काढले. त्याचे नाव ओसीए-२. याच जनुकातील बिघाडामुळे माणसातही एका प्रकारचा अल्बिनिझम होतो.

आता हिशोबाकडे वळू. नर आणि मादी दोघेही दिसायला साधे, पण दोघांकडेही बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत आहे, म्हणजे दोघेही वाहक आहेत. प्रत्येक अंड्यातून अल्बिनो पिल्लू निघण्याची शक्यता एक चतुर्थांश. मादीने बारा अंडी घातली, तर तीन अल्बिनो निघतील का? बरोबर तीनच निघण्याची शक्यता १०० त सुमारे २६ आहे. म्हणजे चारांपैकी तीन वेळा "अपेक्षित" आकडा येतच नाही! एकही अल्बिनो न निघणे हेही अशक्य नाही. ते १०० त सुमारे ३ वेळा घडेल. प्रत्येक अंड्याचा कौल स्वतंत्र लागतो. शेजारच्या अंड्यात काय झाले याची त्याला खबर नसते.

हे वर्गात करून पाहायला साप लागत नाही. (शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडचे साप पकडून पाळता येत नाहीत.) दोन नाणी पुरेत. एक नाणे आई, दुसरे बाप. छापा म्हणजे चांगले जनुक, काटा म्हणजे बिघडलेले. दोन्ही काटे पडले तर पिल्लू अल्बिनो. प्रत्येक मुलाने बारा वेळा दोन्ही नाणी उडवून नोंद करावी. कुणाकडे एक अल्बिनो येईल, कुणाकडे पाच. चाळीस मुलांची बेरीज केली की ४८० मध्ये १२० च्या आसपास आकडा येईल. बेरजेआधी प्रत्येकाचा आकडा फळ्यावर जरूर मांडा. खरा धडा तिथे आहे.

कॉर्न स्नेकचा आणखी एक अप्रभावी प्रकार आहे. त्यात लाल रंग नसतो; साप करडा-काळा दिसतो. या करड्या सापाची अल्बिनोशी जोडी लावली तर? मुले हमखास "पांढरी पिल्ले" म्हणतील. प्रत्यक्षात सगळी पिल्ले साधी, नारिंगी-लाल निघतात! दोन्ही बिघाड वेगवेगळ्या जनुकांतले असल्यामुळे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. ही पिल्ले वयात यायला दोनतीन वर्षे लागतात. मग त्यांची आपापसांत जोडी लावली तर ९:३:३:१ या गुणोत्तरातला शेवटचा १ म्हणजे गुलाबीसर पांढरा साप. त्याला तिकडे "स्नो" म्हणतात. शक्यता सोळांत एक. पण सोळा अंडी मिळाली तरी एकही स्नो न निघण्याची शक्यता १०० त ३६ असते. निदान एक तरी मिळेल अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर ४७ अंडी लागतील. तेवढ्यासाठी तीनचार मोसम थांबावे लागते.

आता नाण्यांच्या नोंदी पुन्हा काढा. अल्बिनो नसलेल्या पिल्लांत वाहक किती? बहुतेक जण निम्मे म्हणतात. पण चार शक्यतांपैकी दोन काट्यांची शक्यता आधीच बाद झाली आहे. उरलेल्या तिनांपैकी दोहोंत एक काटा आहे, म्हणजे उत्तर दोन तृतीयांश. अमेरिकेच्या बाजारात अशी पिल्ले "६६ टक्के वाहक" म्हणूनच विकली जातात.

हाच हिशोब विदर्भात किंवा नंदुरबारात शिकवणाऱ्यांच्या दाराशी येतो. सिकलसेलही अप्रभावी पद्धतीनेच पुढच्या पिढीत उतरतो. आईवडील दोघे वाहक असतील तर "चारांत एक" याचा अर्थ पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुखरूप, असा नाही. प्रत्येक खेपेला शक्यता तीच. आणि आजारी मुलाचे जे भावंड आजारी नाही, ते वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश आहे. लग्न ठरवताना हे माहीत असलेले बरे.

साप वाहक आहे की नाही हे ठरवायची जुनी रीत म्हणजे त्याची अल्बिनोशी जोडी लावणे. "६६ टक्के वाहक" अशा ९६ माद्या घ्या. त्यांत ६४ वाहक, ३२ नाहीत. प्रत्येकीची पहिली सहा पिल्ले पाहिली. वाहक मादीचे प्रत्येक पिल्लू साधे निघण्याची शक्यता निम्मी. सहाही साधी निघणारी मादी ६४ त एक. वाहक नसलेल्या ३२ जणींची मात्र सगळीच पिल्ले साधी. म्हणजे सहाही पिल्ले साधी निघालेल्या ३३ माद्यांत वाहक एकच. शंका उरते, पण फार थोडी. याउलट एक जरी अल्बिनो निघाले तर प्रश्न तिथेच मिटला.

माणसांत ही रीत चालणार नाही, आणि तिची गरजही नाही. सिकलसेलचा वाहक रक्ततपासणीत कळतो. सापांसाठीही आता पिल्लांची वाट पाहावी लागत नाही. टाकलेल्या कातेचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला की त्यातल्या डीएनएवरून बिघडलेल्या जनुकाची प्रत आहे की नाही ते समजते.