पुरानंतर दुकान पुन्हा उघडायचं तर

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. २००५ चा पूर पाहिलेल्या गावातही दुकानांचं अतोनात नुकसान झालं. अशा वेळी सावरण्याची तयारी पावसाळ्याआधीच लागते, आणि माझ्या मते पहिलं काम विम्याचा कागद नीट वाचण्याचं.

बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज घेतलेल्या अनेक दुकानदारांचा विमा बँकेमार्फत निघतो आणि रक्कम वर्षानुवर्षं तीच राहते. इथेच घात होतो. दुकानात दहा लाखांचा माल असताना विमा पाच लाखांचाच असेल आणि चार लाखांचं नुकसान झालं, तर भरपाई साधारण दोन लाखांचीच मिळते. विमा अर्धा, म्हणून भरपाईही अर्धी. दिवाळी-गणपतीला माल वाढतो, तेव्हा रक्कमही वाढवून घ्यावी. पत्ता आणि गोदाम पॉलिसीत आहे ना, तेही पाहावं.

खरेदीची बिलं, स्टॉकची यादी आणि उधारीची वही यांचे फोटो दर आठवड्याला गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवून ठेवावेत. पाणी ओसरल्यावर विमा कंपनीला लगेच कळवावं. चिखल काढायची घाई समजण्यासारखी आहे, पण सर्व्हेअरने पाहण्याआधी भिजलेला माल फेकू नये; फेकावाच लागला तर आधी भरपूर फोटो काढावेत.